मिठाचा हिशोब चरबीला सोडून होत नाही

रक्तदाबाचा विषय निघाला की आपल्यातले बहुतेक तरुण एकच उत्तर देतात, "मी वरून मीठ घेत नाही." उत्तर खरे असते. पण बिर्याणी, निहारी, पापड, लोणचे, बेकरीची खारी आणि रात्री उशिराचा शवर्मा यांतले मीठ आधीच आत असते, आणि त्याच्या जोडीला तेल-तूपही असते. मीठ आणि चरबी यांचा हिशोब आपण वेगवेगळा मांडतो. मूत्रपिंडात मात्र तो एकत्रच होतो.

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. त्यामुळे माझी नजर आधी आकड्यांवर गेली. आपली मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला सोडियम मिठाच्या मापात मोजला तर जवळपास दीड किलो भरतो. दीड किलो! आपण दिवसाला १० ग्रॅम मीठ खाल्ले तर साधारण तेवढेच बाहेर टाकायचे असते. म्हणजे ९९ टक्क्यांहून अधिक मीठ रक्तात परत घ्यायचे आणि एक टक्क्याहूनही कमी सोडायचे. परत घेण्याचे प्रमाण अर्ध्या टक्क्याने जरी वाढले, तरी दिवसाला सात ग्रॅम मीठ अडकू शकते.

हे प्रमाण वाढवणारी एक मोठी गोष्ट म्हणजे पोटावरची चरबी. पोट सुटते तसे रक्तात इन्सुलिन वाढते आणि ते मूत्रपिंडाला सोडियम धरून ठेवायला लावते. मूत्रपिंडाकडे जाणारे मज्जातंतू, अँजिओटेन्सिन आणि अल्डोस्टेरॉन ही संप्रेरकेही त्याच बाजूने जोर लावतात. भोवती साठलेली चरबी मूत्रपिंडाला बाहेरून दाबते ते वेगळेच. सोडियमसोबत पाणी थांबते, रक्ताचे आकारमान वाढते, दाब चढतो. आणि दाब चढला की अडकलेले मीठ बाहेर पडू लागते! अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ आर्थर गायटन यांची मांडणी हीच होती: मिठाचा हिशोब शेवटी जुळतो, पण चढलेल्या दाबाच्या किमतीवर. ती किंमत मेंदू, हृदय आणि खुद्द मूत्रपिंड वर्षानुवर्षे मोजतात, तीही बहुधा काही न दुखता.

१९८९ साली अमेरिकेत लठ्ठ किशोरवयीन मुलांना दोन आठवडे भरपूर आणि दोन आठवडे अगदी कमी मीठ देऊन पाहिले. त्यांचा रक्तदाब सडपातळ मुलांपेक्षा जास्त वरखाली झाला. पुढे ज्यांनी वजन उतरवले, त्यांचा दाब मिठाने तेवढा हलेनासा झाला. तिथल्याच २००१ च्या 'डॅश-सोडियम' अभ्यासात ४१२ जण होते. फळे, भाज्या, कमी स्निग्धांशाचे दूध आणि कमी संपृक्त चरबी असा आहार कमी मिठासोबत दिला, तेव्हा दाब सर्वाधिक उतरला. वजन मुद्दाम स्थिर ठेवले होते, हे महत्त्वाचे. म्हणजे बारीक असलेल्यांनीही ताटात काय आहे ते पाहायला हवे.

दर रमजानात कुणाच्या तरी डायलिसिससाठी मदतीचा मेसेज आपल्या ग्रुपवर येतो. जकात जरूर द्या. पण शिष्यवृत्तीच्या आणि मतदार नोंदणीच्या आपल्या शिबिरांत एका टेबलावर रक्तदाबाचे यंत्रही ठेवा; त्याला फार खर्च नाही. लग्न ठरले की बावर्चीशी बोलणी होतातच. त्यात देगेतले मीठ आणि डालडा कमी करण्याचे बोलणे घरातल्या तरुणांनी करावे. मोठी माणसे नाराज होतील, चव गेली म्हणतील. म्हणू द्या.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगितले आहे, म्हणजे चहाचा एक चमचाभरसुद्धा नाही. बाजारात पोटॅशियमचे 'लो सोडियम' मीठ मिळते, पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि दोन वेगवेगळ्या दिवशी यंत्रावर १४०/९० किंवा त्याहून जास्त दिसले, तर वय पंचवीस असले तरी डॉक्टरांकडे जा.