पावलांची वीज, लोकलची वीज

बदलापूर पश्चिमेच्या बेलवली परिसरातून रोज पहाटेपासून असंख्य पावले रेल्वे स्थानकाकडे धावत असतात. एवढ्या वर्दळीतून वीज का निर्माण करू नये, हा प्रश्न शालेय विज्ञान प्रदर्शनांतून वारंवार पुढे येतो. प्रश्न रास्त आहे. उद्या असा प्रस्ताव नगरपालिकेपुढे आला, तर पैसा करदात्यांचाच खर्ची पडेल. म्हणून त्याचा हिशेब मांडणे आम्हांस आवश्यक वाटते.

पूर्व जपान रेल्वे कंपनीने २००६ साली टोकियो स्थानकाच्या तिकीट फाटकांत दाबातून वीज देणारी फरशी बसवून पाहिली आणि २००८ मध्ये सुधारित प्रयोग केला. २०१२ च्या ऑलिंपिकच्या वेळी लंडनमधील वेस्ट हॅम स्थानकाजवळही अशा फरश्या होत्या. प्रयोग यशस्वी झाले. पण मिळालेली वीज अल्प होती, आणि ते स्वाभाविकच होते.

६० किलो वजनाच्या माणसाच्या पावलाने फरशी ५ मिलिमीटर दबली, तर सुमारे ३ ज्यूल ऊर्जा मिळते. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. अर्थात एका युनिटासाठी १२ लाख पावले हवीत, तीही काहीच वाया जात नाही असे धरून. एक लाख प्रवाशांनी प्रत्येकी दहा पावले टाकली, तरी युनिट पुरे होत नाही. छपरावरचे एक किलोवॅटचे सौर पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिटे देते. शिवाय पावलांची वीज फुकटची नव्हे. दबणारी फरशी चालणाऱ्याच्या पायांतून ती ऊर्जा काढून घेते. डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईच्या पायांतूनही. आणि २००५ व २०१९ साली उल्हास नदीचा पूर पाहिलेल्या गावात जमिनीलगतची विद्युत यंत्रणा कितपत टिकेल, हेही पाहिले पाहिजे.

मग माणसांच्या येण्याजाण्यातून वीज मिळतच नाही काय? मिळते, पण पादचारी पुलावर नव्हे, लोकलमध्ये. ताशी ७२ किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीत तीन हजार प्रवासी असतील, तर केवळ त्यांच्या वजनामुळे सुमारे १० युनिट ऊर्जा गतीच्या रूपाने साठलेली असते, डब्यांची निराळी. (दाटीवाटीचे हे समर्थन नव्हे!) पूर्वी प्रत्येक थांब्यावर ही ऊर्जा ब्रेकच्या उष्णतेत नष्ट होई. २००७ पासून मुंबईत आलेल्या नव्या गाड्यांत ब्रेक लावताच मोटार जनित्राचे काम करते आणि वीज वरच्या तारेत परत जाते. निम्मीच परत आली असे धरले, तरी प्रवाशांच्या वाट्याची पाच युनिटे होतात. ती साठ लाख पावलांची वीज झाली.

जुन्या १५०० व्होल्ट डीसी प्रवाहात ही वीज वापरण्यासाठी जवळपास दुसरी गाडी असावी लागे. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ पर्यंत २५ हजार व्होल्ट एसी प्रवाह आला आणि ती अडचण बरीच कमी झाली. आता बेलवलीकरांनी विचारायचे ते फरश्यांविषयी नव्हे, तर आपल्या शाळांची, मंडईची आणि फलाटांची छपरे अद्याप किती रिकामी आहेत, याविषयी.