मुलांच्या दातांना तारा: घाई नको, हयगयही नको

"डॉक्टर, हिच्या पुढच्या दातांत फट पडलीय. आत्ताच तारा लावून घेऊ का?" सर्दीसाठी आणलेल्या आठ वर्षांच्या मुलीच्या आईने विचारले. त्याच आठवड्यात एक आजोबा नातवाबद्दल म्हणाले, "दुधाचे दात आहेत, पडणारच की! आत्ता कशाला दाखवायचे?" माझ्या मते दोघांचेही थोडे चुकते.

साधारण सहाव्या-सातव्या वर्षी पहिल्या पक्क्या दाढा आणि पुढचे पक्के दात येऊ लागतात. वरच्या-खालच्या जबड्यांचा मेळ बसतोय का, हे तेव्हा कळू शकते. म्हणून अमेरिकेतील ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना सातव्या वर्षापर्यंत एकदा तपासणी करायला सांगते. पण तपासणी म्हणजे लगेच तारा नव्हेत!

या वयात पुढच्या दातांतली लहानशी फट बहुधा नैसर्गिक असते. अकरा-बाराव्या वर्षी वरचे सुळे आले की ती बऱ्याचदा आपोआप मिटते. वरचे दात पुढे असलेल्या मुलांवर लवकर उपचार केले, तरी शेवटचा परिणाम किशोरवयात केलेल्या उपचारांपेक्षा फारसा वेगळा नसतो. फायदा एकच: पडल्यावर दात तुटण्याचा धोका कमी होतो.

मग थांबू नये ते केव्हा?

- वरचे दात खालच्या दातांच्या आत बसत असतील किंवा तोंड मिटताना जबडा एका बाजूला सरकत असेल.
- दुधाची दाढ किडून वेळेआधी काढावी लागली असेल. शेजारचे दात त्या जागेत सरकतात. अनेकदा जागा राखणारे छोटे साधन पुरते.
- पक्के दात येऊ लागले तरी अंगठा चोखणे सुटले नसेल.
- मूल तोंड उघडे ठेवून झोपत असेल, रोज घोरत असेल. इथे आधी नाक आणि अडेनॉइड्स तपासून घ्या.

उपचार सुचवले गेले तर तीन प्रश्न जरूर विचारा. आत्ता नाही केले तर नेमके काय बिघडेल? पुढे पुन्हा तारा लागतील का? दोन्ही वेळचा मिळून खर्च किती?

पहिल्या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर मिळाले, तर उपचार टाळू नका. नाही मिळाले, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्या. त्या मुलीच्या आईला मी एवढेच सांगितले: दाखवून या, पण तारांची घाई करू नका. आजोबांनाही तेच सांगितले, फक्त "दाखवून या" जरा जोर देऊन!