औषधाची परीक्षा

मांजर म्हणजे उंदरांचा वैरी आणि लेकरांचा सोबती. हे मुके जनावर अंग आखडून, मान पुढे ताणून खोकू लागले, की घशात केस अडकले असतील असे म्हणून आपण स्वस्थ बसतो. परंतु तो दमाही असू शकतो. घरच्या धुळीचे किंवा गवताच्या परागांचे वावडे असलेल्या मांजराच्या श्वासनलिका आवळतात, आतून सुजतात व कफाने भरतात.

अशा मांजरास औषध दिले आणि आठ दिवसांत खोकला थांबला, तर गुण आला असे म्हणावे काय? आम्ही तरी इतक्यात म्हणणार नाही. दमा आपोआपही चढतो व उतरतो. शिवाय प्रेमळ धन्याला सुधारणा दिसावीशीच वाटते. म्हणून शास्त्रज्ञ मांजरांचे दोन गट करतात. एका गटास औषध, दुसऱ्यास निरुपद्रवी पण निर्गुण गोळी. कोणास काय दिले, हे तपासणाऱ्यासही सांगत नाहीत. मग फुप्फुसातील द्रव काढून सुजेच्या पेशी मोजतात. कारण खोकला थांबूनही सूज आत राहू शकते. माणसांना शिंकांवर देतात त्या सेट्रिझिनची परीक्षा अमेरिकेत झाली. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: मांजरांची सूज त्याने कमी होत नाही.

परीक्षेवाचून औषध सिद्ध होत नाही, हे खरे. पण ज्याच्यावर प्रयोग, त्याच्या संमतीचे काय? मांजराच्या वतीने धनी बोलतो. गरीब, निरक्षर रुग्णाच्या वतीने कोण बोलणार?

हा प्रश्न इंदूरहून साऱ्या देशापुढे आला. नीट समजावून न सांगता रुग्णांवर नव्या औषधांचे प्रयोग झाल्याच्या तक्रारी तेथे उठल्या. तेथील स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ऑक्टोबर २०१३ मध्ये न्यायालयाने रुग्णाची संमती ध्वनिचित्रमुद्रित करण्याचा आदेश दिला. पुढे २०१९ च्या नियमांत, प्रयोगामुळे इजा झाल्यास उपचार व भरपाई यांची तरतूद आहे.

तेव्हा वाचकहो, दवाखान्यात कोणी कागद पुढे करून अंगठा मागितला, तर आधी विचारावे: औषध नवे आहे काय? नको म्हटल्यास नेहमीचे उपचार चालू राहतील काय? इजा झाल्यास जबाबदारी कोणाची? उत्तर मिळेपर्यंत अंगठा आवरावा. मुक्या जनावरास विचारता येत नाही. आपणांस विचारता येते.