‘समजलं नाही’ ही कुणाची सबब?

परवा लेस्टरहून भाच्याचा फोन आला होता. त्याच्या मुलाला शाळेसाठी ब्रिटनमधल्या २०११ सालच्या सार्वमतावर चार पानं लिहून द्यायची आहेत. भाचा म्हणाला, "मावशी, त्यात लिहायचंय काय? मतदानाची नवी पद्धत अवघड होती, लोकांना समजली नाही, म्हणून पडली. संपलं!"

फोन ठेवला आणि माझी चिडचिड सुरू झाली. "मुलांना समजलंच नाही" हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत इतक्या वेळा ऐकलंय की विचारू नका. बहुतेक वेळा त्याचा खरा अर्थ "मी नीट शिकवलं नाही" एवढाच असायचा.

आधी प्रकरण काय ते सांगते. ब्रिटनचे खासदार आपल्या लोकसभेसारखेच निवडले जातात. ज्याला सर्वांत जास्त मतं तो जिंकला, मग ती निम्म्याहून कमी का असेनात. त्याऐवजी उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहायचे का, असा प्रश्न ५ मे २०११ रोजी लोकांना विचारला. राष्ट्रकुलातले म्हणून तिथे राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही मत होतं. भाच्यानेही दिलं होतं.

आता ही ‘अवघड’ पद्धत बघा. वर्गात ४० मुलं आहेत आणि सहल कुठे न्यायची ते ठरवायचंय. पन्हाळ्याला १६, गणपतीपुळ्याला १३, महाबळेश्वरला ११. जुन्या पद्धतीने पन्हाळा जिंकला, पण २४ मुलांची पहिली पसंती दुसरीकडेच होती. नव्या पद्धतीत सर्वांत मागे असलेलं महाबळेश्वर बाद करायचं आणि त्या ११ मुलांची दुसरी पसंती बघायची. समजा ८ जणांनी गणपतीपुळे लिहिलंय आणि ३ जणांनी पन्हाळा. झाले २१ आणि १९. चला समुद्रावर! सातवीच्या मुलाला हे पाच मिनिटांत कळतं.

पण ती पाच मिनिटं कुणीतरी द्यावी लागतात, आणि हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगते. आपल्याकडे विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात अशाच पसंतीक्रमाने मतदान होतं. पहिल्यांदा मत द्यायला गेले तेव्हा मी ऐटीत नावापुढे बरोबरची खूण करून आले. आकडाच नाही, म्हणजे मत बाद! बी.ए. झालेली, मुलांच्या उत्तरपत्रिका तपासणारी बाई मी, आणि माझीच उत्तरपत्रिका रद्द. पुढच्या निवडणुकीआधी आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी फळ्यावर नमुना मतपत्रिका काढून दाखवली. चहा संपायच्या आत सगळ्यांना समजलं. माझी बुद्धी काही मधल्या काळात वाढली नव्हती!

ब्रिटनमध्ये तो फळा कुणी लिहिला? निवडणूक आयोगाने आपलं काम केलं. प्रश्नाचा मसुदा लोकांना दाखवून पाहिला, बोजड वाटला तेव्हा सोपा करून घेतला, घरोघरी माहितीपत्रकं पाठवली. पण सार्वमताचा कायदा मंजूर झाला फेब्रुवारीत आणि मतदान मे महिन्यात. जेमतेम अकरा आठवडे! त्यातही आवाज प्रचारकांचाच मोठा. विरोधकांच्या पोस्टरवर तान्हं बाळ आणि खाली मजकूर असा, की हिला नवं हृदयोपचार केंद्र हवंय, नवी मतदानपद्धत नको. नव्या पद्धतीला २५ कोटी पौंड लागतील म्हणून सांगितलं, त्यात मतमोजणीच्या यंत्रांचा खर्चही धरला. ऑस्ट्रेलियात १९१८ पासून पसंतीचे आकडे लिहितात आणि कनिष्ठ सभागृहाची मतं हाताने मोजतात. समर्थकही काही कमी नव्हते. या पद्धतीने खासदार जास्त कष्ट करू लागतील, असं सांगत सुटले. आकडे लिहिल्याने माणूस कष्टाळू कसा होतो, ते मला अजून उमगलेलं नाही.

निकाल लागला : ६७.९ टक्के नको, ३२.१ टक्के हवी. मतदान ४२ टक्क्यांच्या आसपास.

कुणी म्हणेल, बाई, लोकांना समजली आणि तरी नकोच होती. असेल की! समजून ‘नको’ म्हणणाऱ्यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती आधी गोंधळ घालून मग ‘लोक गोंधळले’ म्हणणाऱ्यांबद्दल.

न्यूझीलंडने हेच काम कसं केलं बघा. १९९२ साली आधी नुसता कल घेतला : पद्धत बदलायची का, आणि बदलली तर चारांपैकी कोणती? मध्ये एक वर्ष जाऊ दिलं. माहिती देण्याचं काम स्वतंत्र समितीकडे सोपवलं. मग १९९३ साली निवडणुकीबरोबरच अंतिम कौल घेतला. तिथेही विरोधकांनी पैसा ओतला, भीती घातली. तरी ५३.९ टक्के लोकांनी नवी मिश्र पद्धत स्वीकारली, आणि ती या पसंतीच्या आकड्यांपेक्षा समजायला कठीणच आहे. २०११ साली पुन्हा विचारलं, तेव्हा ५७.८ टक्के म्हणाले, असू दे हीच. आधी धडा, मग सराव, मग परीक्षा. आम्ही वर्गात दुसरं काय करत होतो?

लोकांना मत मागायचं असेल तर आधी त्यांना वेळ द्या आणि फळा द्या. धडा न शिकवता परीक्षा घेणाऱ्या मास्तरला मुलांना ‘ढ’ म्हणायचा अधिकार नाही.

असो. नातवाला सहलीचं उदाहरण कळवलंय. त्याचा बाप म्हणाला, "हे मला तेव्हाच का नाही सांगितलंस?" आता काय बोलणार!