निळ्या पडद्याची सक्ती

कॉम्प्युटरच्या पहिल्या वर्षाला बसलेल्या कुणालाही विचारा, तो निळा पडदा आठवतोच. टर्बो सी प्लस प्लस. बोरलँड कंपनीने १९९० साली डॉससाठी आणलेला कंपायलर. आजच्या ६४ बिट विंडोजवर तो थेट चालतही नाही. मग आपली कॉलेजं काय करतात? डॉसबॉक्स टाकून जुन्या मशीनचं सोंग उभं करतात आणि त्यात टर्बो चालवतात. एवढा खटाटोप कशासाठी, तर जुनंच शिकवता यावं म्हणून!

सी प्लस प्लसचं पहिलं आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८चं. टर्बो त्याच्याही आधीचा. त्यामुळे लॅबमध्ये घोकलेलं 'आयओस्ट्रीम डॉट एच' आणि 'व्हॉइड मेन' आजच्या जीसीसीला दिलं की एररची रांग लागते. टर्बोत इंट १६ बिटांचा. ३२,७६७मध्ये एक मिळवला की उत्तर येतं उणे ३२,७६८. प्रमाण भाषेतले व्हेक्टर, मॅप तर त्यात नाहीतच. म्हणजे पोरं भाषा शिकत नाहीत, एका मेलेल्या यंत्राच्या खोडी पाठ करतात.

"बेसिक तर तेच असतं ना," असं सर म्हणतात. असतं. मग तेच बेसिक चालू कंपायलरवर शिकवायला काय हरकत आहे?

पैशाचं कारण तर सांगूच नका. जीसीसी १९८७पासून मोफत आहे. लिनक्स मोफत आहे. मॅटलॅबचं लायसन्स परवडत नाही म्हणून क्रॅक केलेली प्रत टाकायचीही गरज नाही, सायलॅब आहे. कॉलेजांनी अशी मुक्त सॉफ्टवेअरं वापरावीत म्हणून आयआयटी मुंबईत सरकारी पैशातून फॉसी प्रकल्प चालतो. तिथल्याच स्पोकन ट्युटोरियलचे धडे मराठीतूनही आहेत.

घोडं पेंड खातंय ते जर्नलमध्ये. प्रॅक्टिकलचे प्रोग्रॅम वर्षानुवर्षं तेच, त्यांची आउटपुटं तीच, एक्स्टर्नलचे प्रश्नही तेच. कंपायलर बदलला तर हे सगळं पुन्हा लिहावं लागेल. तो त्रास वाचवायची किंमत विद्यार्थी मोजतात.

आणि सगळे सारखी मोजत नाहीत. घरी लॅपटॉप असलेला मुलगा रात्री यूट्यूब बघून नवं शिकून घेतो. तालुक्याहून एसटीने येणाऱ्या मुलीसाठी लॅबमधला तो पीसी हाच एकमेव कॉम्प्युटर असतो. कॅम्पस इंटरव्ह्यूत दोघांना प्रश्न मात्र एकच विचारला जातो.

तुम्ही हे ज्या अँड्रॉइड फोनवर वाचताय, त्यावर टर्मक्स टाकलं तर क्लँग हा आधुनिक कंपायलर चालतो. खिशातला फोन लॅबच्या पुढे गेलाय. तेव्हा पुढच्या प्रॅक्टिकलला एचओडींना लेखी विचारा: हेच सॉफ्टवेअर का? चार-पाच जणांनी नको, अख्ख्या बॅचने सह्या करून विचारा. 'सिलॅबसमध्ये आहे' असं उत्तर आलं, तर तेही लेखी मागा आणि तो कागद घेऊन अभ्यास मंडळाकडे जा.