स्थौल्यचिकित्सा : केवळ वजनकाटा पुरेसा नाही

मुळशी तालुक्यात, लवासाच्या वाटेवर चिकित्सा करताना आम्हांस असे दिसते की, स्थौल्याची तक्रार घेऊन येणारी स्त्री हल्ली आहार विचारीत नाही. तो ठरवूनच येते. कोणी डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीने दिवसातून दोनदाच जेवते, कोणी ऋजुता दिवेकरांच्या सल्ल्यानुसार दर दोन तासांनी थोडे खाते. वजन दोघींचेही उतरलेले असते. दोघींना वैद्याकडून निवाडा हवा असतो. आम्ही मात्र विचारतो, रक्तातील मेदाची तपासणी केव्हा केली? उत्तर बहुधा मौनच.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातील ख्रिस्तोफर गार्डनर यांनी रजोनिवृत्ती न झालेल्या ३११ स्थूल स्त्रियांवर चार आहारांची वर्षभर तुलना केली. निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. अत्यल्प कर्बोदकांच्या ॲटकिन्स आहाराने सरासरी ४.७ किलो वजन घटले, उरलेल्या तिन्हींनी १.६ ते २.६ किलो. ॲटकिन्स गटात ट्रायग्लिसराइड उतरले, हितकर एचडीएल वाढले. परंतु अहितकर एलडीएलच्या बाबतीत पहिल्या दोन महिन्यांत हाच गट मागे होता, आणि वर्षाअखेर चौघांत लक्षणीय भेद उरला नाही. अत्यल्प स्नेहाच्या ऑर्निश गटातील स्त्रियांना तर ठरलेली मर्यादा पाळताच आली नाही. वजन आणि कोलेस्टेरॉल एकाच दिशेने चालतात, हे गृहीतक आपणही सोडले पाहिजे.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात स्थूलासाठी गुरू परंतु अपतर्पण करणारा आहार सांगितला आहे. मेदाने मार्ग रोधले गेल्याने वायू कोष्ठात फिरून अग्नी प्रदीप्त करतो, म्हणून स्थूलाला भूक अनावर होते. नुसते लघू अन्न तिला पुरत नाही. म्हणून यव, श्यामाक, कोद्रव, मूग, कुळीथ. मुळशीच्या डोंगरउतारांवर नाचणी व वरई पिकत आली आहे. (तीच वरई उपवासाला तुपात परतून दाण्याच्या आमटीबरोबर खाल्ली, तर अपतर्पण कुठले व्हायचे!)

औषधालयाच्या मालकांनाही एक विनंती. गुग्गुळावर १९६६ साली बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. सत्यवती यांनी केलेल्या संशोधनाचा आम्हांस अभिमान आहे. तथापि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत, १०३ जणांना आठ आठवडे गुग्गुळाचा अर्क किंवा निष्क्रिय गोळी दिली असता, अर्क घेणाऱ्यांचे एलडीएल घटण्याऐवजी किंचित वाढले. तेथे आहारविहार व प्रकृतिविचार आपल्या पद्धतीचा नव्हता, हे खरे. पण म्हणून मेदोहर गुग्गुळाची डबी तपासणीवाचून हाती ठेवावी असे नाही. थायरॉइडची न्यूनता असल्यास वजन आणि कोलेस्टेरॉल दोन्ही वाढतात, तेही आधी पाहावे. चालू असलेले कोलेस्टेरॉलचे औषध तर परस्पर मुळीच बंद करू नये.

दोन वेळच्या जेवणावर सहा किलो उतरलेली आमची एक रुग्णा आनंदात आली होती. तपासणीत तिचे एलडीएल वाढलेले निघाले. दोन्ही जेवणांत पनीर, लोणी, तूप भरपूर. वेळा आम्ही तशाच ठेवल्या, ताट बदलले : नाचणीची भाकरी, कुळथाचे पिठले, पडवळ. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासून यायला सांगितले आहे.