पोरींनो, कोर्टवर बोला!

परवा महाविद्यालयीन मुलींची व्हॉलीबॉल मॅच बघायला गेलो होतो. बातमी चार ओळींचीच होणार होती, पण मॅच रंगली म्हणून शेवटपर्यंत थांबलो.

एक संघ प्रत्येक पॉईंटला ओरडत होता. गोल करायचा, हातावर हात मारायचे, परत जागेवर. माझ्या मागं उभ्या असलेल्या दोघांना ते काही पटेना. "लई वरडत्यात की रं ह्या! खेळायला आल्यात का भांडायला?" दुसऱ्यानं हसत मोबाईल काढून शूटिंग सुरू केलं. पलीकडच्या गप्प खेळणाऱ्या संघाचं मात्र कौतुक. म्हणे, बघ कशा शिस्तीत खेळतात!

आता त्या शिस्तीचं काय झालं ते सांगतो. दुसऱ्या सेटमध्ये सर्व्हिस आली ती दोन मुलींच्या बरोबर मधे. दोघींनी एकमेकींकडं बघितलं, दोघी थांबल्या आणि बॉल मधोमध पडला. एकीनं नुसतं 'माझा' म्हटलं असतं तर तो पॉईंट गेला नसता. पुढं तसंच अजून दोनदा झालं.

मंडळी, या खेळात आवाज म्हणजे काम आहे. नऊ बाय नऊ मीटरात सहा जणी. बॉल हातात धरायचा नाही, तीन टचमध्ये पलीकडं घालवायचा. जिची नजर बॉलवर आहे तिला मागची लाईन दिसत नाही, म्हणून मागची ओरडते, 'सोड, आऊट!' स्मॅशर उडी मारत असताना कुणीतरी सांगावं लागतं की समोर ब्लॉकला एकटीच आहे. हे कुजबुजून सांगता येत नाही.

आणि तो गोल? पूर्वी ज्यांची सर्व्हिस त्यांनाच पॉईंट मिळायचा. आता प्रत्येक रॅलीला पॉईंट आहे, म्हणजे तुमची प्रत्येक चूक थेट समोरच्यांच्या खात्यात. जिच्या हातून चूक झाली तिला लगेच पुढच्या बॉलला उभं राहायचं असतं. म्हणून चांगला संघ पॉईंट गेल्यावरसुद्धा गोल करतो. चुकलेलीला आत ओढतो, पाठीवर थाप मारतो, 'जाऊ दे, पुढचा आपला'. एकटी पडू न देण्याची ही रीत आहे.

खासबागेत कुस्ती मारल्यावर पैलवान शड्डू ठोकत फेरी मारतो, आपण त्याला खांद्यावर घेतो. शाहू स्टेडियमवर गोल झाला की सगळी पेठ नाचते. तिथं कुणाला शिस्त आठवत नाही. मुली ओरडल्या की आठवते. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये जगज्जेती झाली, राही सरनोबतनं 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. या दोघींचा आपल्याला अभिमान आहेच. पण नेमबाजीत शांत राहणं हे कौशल्य आहे, व्हॉलीबॉलमध्ये तोच तोटा.

खरं कारण कोर्टच्या बाहेर आहे. 'हळू बोल, चारचौघांत मोठ्यानं हसू नको' हे अठरा वर्षं ऐकलेली मुलगी एका सीझनमध्ये 'माझा' म्हणून ओरडणार कशी? मी स्वतः माझ्या मुलीला हे किती वेळा म्हणालोय, ते त्या दिवशी आठवलं.

याला मर्यादा आहेच. जाळीतून समोरच्या संघाला खिजवणं म्हणजे जल्लोष नव्हे. पंचांकडं पिवळं कार्ड आहे, आणि लाल दाखवलं की पॉईंट आणि सर्व्हिस दोन्ही समोरच्यांना. आपल्या संघाकडं तोंड करून कितीही ओरडा, त्याला नियमाची हरकत नाही. मग आपली का असावी?

तिसऱ्या सेटमध्ये त्या गप्प संघातली एक मुलगी एकदम 'माझाऽऽ' म्हणून ओरडली. बॉल उचलला, पॉईंट मिळाला. मॅच ते हरलेच, दोघी-तिघी रडल्याही. रडू द्या की. जीव लावून खेळलं की रडू येतंच.

क्रीडाशिक्षकांना एक विनंती: सरावात अंडरहँड, स्मॅश घेता तसंच बोलणंही घ्या. आणि मोबाईल काढणाऱ्या दादांनो, शूटिंग करा, पण चांगल्या रॅलीचं. ओरडणाऱ्या मुलीच्या तोंडाचं रील करून हसू नका. उद्या ती घाबरून गप्प बसली, तर पुढच्या मॅचला बॉल पुन्हा मधोमधच पडणार.